न गंजणारा रॉड

विहीणबाई न्हाणीतून बाहेर आल्या त्या हातात पांढरा टॉवेल घेऊन. टॉवेल त्यांचा स्वतःचा, देऊळगाव राजाहून घडी करून आणलेला, कारण दुसऱ्याच्या घरचा टॉवेल त्यांना चालत नाही. तो दोरीवर वाळत घालायचा सोडून त्यांनी माझ्यासमोर, चहाच्या कपांशेजारी, टेबलावर उलगडून ठेवला. त्यावर तांबूस-पिवळे डाग पडले होते.

"ताई, ह्या पाण्यानं आमची पोरगी न्हाणार नाही," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत. वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, तोंडात साखर आणि हातात टाचणी. मला हळू बोलणाऱ्या माणसांचा पहिल्यापासून राग आहे. मी ओरडते, तेव्हा निदान समोरच्याला कळतं तरी की आपण भांडतोय.

"बोअरचं पाणी आहे," मी म्हणाले. "अख्खा जळगाव जामोद याच पाण्यानं न्हाते."

"अख्ख्या गावाचं मला काय करायचंय," त्या म्हणाल्या. "आठ दिवस बघते. पाणी सुधारलं तर ठीक हाय. नाहीतर पुढच्या रविवारी गाडी पाठवते. बाळंतपण आमच्याकडंच होईल."

लेकीला बाळंतपणासाठी सोडायला आलेले जावई खुर्चीत बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होते. माझी लेक सातव्या महिन्याचं पोट घेऊन पलंगावर बसली होती आणि चादरीच्या टोकाशी खेळत होती. जेवणं झाली, विहीणबाईंनी जयभीम केला, मी पण केला, आणि गाडी निघून गेली. तो टॉवेल त्या मुद्दाम टेबलावरच ठेवून गेल्या.

आमची पोरगी म्हणे. नऊ महिने मी वागवलं, दहावीपर्यंत अभ्यास मी घेतला, आणि पोरगी त्यांची.

माझं दुखणं काय होतं ते सांगते, म्हणजे मी एका टॉवेलसाठी एवढी का पेटले ते कळेल. लेकीच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. या अडीच वर्षांत ती माझ्याकडे अकरा रात्री राहिली होती. हजेरीपट आयुष्यभर भरलाय, त्यामुळे मोजायची सवय आहे. दर वेळी काहीतरी कारण निघायचं. कधी सासूचा गुडघा, कधी जावयांची ड्यूटी, कधी जिल्ह्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत बसने येण्याचा त्रास. मी ओळखून होते की ही सगळी कारणं एकाच डोक्यातून येतात. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्या बाईलाही मोडता येणार नव्हती. मी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते. मधली खोली रंगवून घेतली, पलंग खिडकीपासून सरकवला, जुन्या साड्यांची दुपटी शिवली. तीन-चार महिने माझी लेक माझ्या घरात राहणार होती. अडीच वर्षांत मला एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती एका टॉवेलावरून जाणार होती.

आता पाण्याबद्दल. आमचा पट्टा खारा. पिण्याचं पाणी आम्ही जारचं घेतो, बाकी सगळं बोअरवर. साबणाला फेस येत नाही, केस धुतले की काथ्या होतात, बादलीच्या आत पांढरा थर चढतो आणि नळाची तोटी वर्षभरात हातात येते. या गावात मुलगी द्यायची म्हटलं की बाहेरचे लोक मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी पाणी विचारतात. हे सगळं खरं आहे. पण ते मी म्हणावं. देऊळगाव राजाच्या बाईने माझ्या टेबलावर टॉवेल पसरून म्हणू नये.

शिवाय, गिझरचं पाणी दोन महिन्यांपासून पिवळं येत होतं हे मला माहीत होतं. सकाळची पहिली बादली आम्ही ओतून द्यायचो, दुसरीने न्हायचो. सवय झाली की माणसाला घाणसुद्धा दिसत नाही. त्या बाईंनी नेमकी पहिली बादली घेतली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी नवऱ्याकडे वळले. ह्यांचं बसस्टँडच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे, गेट, ग्रिल, शटर. गावातल्या निम्म्या घरांची फाटकं ह्यांच्या हातची.

"आयुष्यभर लोकाईचे गेट रंगवले," मी म्हटलं, "अन् घरच्या न्हाणीतून गंज येऊन राह्यला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"गिझरात गंज कसा येईन," हे म्हणाले. "आतला रॉड तं मी स्टीलचा बसवला हाय. बोअरच्या पायपातून येत असन."

"मंग थंड्या नळाले काऊन नाही येत?"

मी विज्ञानाची शिक्षिका, निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर. थंड पाणी स्वच्छ, गरम पाणी पिवळं, म्हणजे दोष गिझरमध्येच. सोमवारी सकाळी मी मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक माझा विद्यार्थी. आता तो दोन लेकरांचा बाप आहे आणि पोट सुटलंय, पण दहावीत असताना मी त्याला इतक्या वेळा अंगठे धरून उभा केला होता की आजही तो माझ्या दारात चप्पल काढून, पाय पुसून, 'येऊ का मॅडम' विचारून आत येतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. गावात मला बघून सिगारेट विझवणारे चाळिशीचे पुरुष आहेत. धाक असला की कामं सरळ होतात, असं मी छत्तीस वर्षं मानत आले.

त्याने मेन स्विच पाडला, वरचा कॉक बंद केला आणि टाकी रिकामी करायला घेतली. बादलीत आधी पिवळं पाणी पडलं, मग तांबडं, मग गाळ. गेरू कालवल्यासारखा. हे दारात उभे होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. मग त्याने खालचं झाकण काढलं, वायरी सोडवल्या, नट ढिले केले आणि कॉइल खाली ओढली. कॉइलवर क्षाराचा बोटभर थर होता, तो अपेक्षितच होता. पण तिच्या शेजारी जो रॉड होता तो बघून मेकॅनिक उकिडवा बसला तो बसलाच.

रॉड चकचकीत होता. गाळातून निघूनही फडक्याने एकदा पुसला तर त्यात तोंड दिसावं असा.

"हा कोणं टाकला मॅडम?" त्याने विचारलं.

"मी," हे म्हणाले, आणि आवाजात अजून थोडी फुशारकी होती. "लेथवर आटे पाडून आणला. तीनशे सोळा नंबरचं स्टील हाय. सात पिढ्या गंजत नाही."

तेव्हा मला सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वी कॉइल जळाली म्हणून गिझर उघडला होता. आत बोटाएवढा जाड रॉड असतो, तो मॅग्नेशियमचा. ह्यांनी बाहेर काढला तेव्हा त्याची काडी उरली होती, जागोजागी कुरतडलेली, मधूनच आतली तार दिसत होती. ह्यांनी तो हातात घेऊन कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. दोन वर्षांत सडणारा माल देतात, लुटारू साले. गंज हा माझ्या नवऱ्याचा वैरी. फाटकाला रेड ऑक्साइडचे दोन हात दिल्याशिवाय ह्यांना झोप येत नाही. खाऱ्या पट्ट्यात लोखंडाचं काम करणारा माणूस दुसरं काय शिकणार. जे सडतं ते कमअस्सल आणि जे टिकतं ते अस्सल, एवढं एकच शास्त्र. तर ह्यांनी त्या काडीच्या मापाचा स्टीलचा रॉड घडवून आणला आणि बसवून टाकला.

"काका," मेकॅनिक जमिनीकडे बघत म्हणाला, "तो रॉड सडासाठीच असते. पाणी त्याले खाते, म्हणून टाकीले खात नाही. तुमी न सडणारा टाकला तं पाण्यानं टाकी खाल्ली. उलट स्टीलच्या संगतीनं लवकर खाल्ली." मग तो घुटमळला. "मॅडमनंच तं शिकवलं होतं आम्हाले. जस्त झिजते अन् लोखंड वाचते."

शिकवलं होतं. दर वर्षी, दर वर्गाला, फळ्यावर आकृती काढून. जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. ज्यांनी उत्तरात फक्त 'मुलामा देतात' एवढंच लिहिलं त्यांचा अर्धा गुण मी कापला होता. आणि ज्या दिवशी ह्यांनी तो रॉड बसवला त्या दिवशी स्टूल कोणी धरलं होतं? मीच. एका हाताने स्टूल, दुसऱ्या हातात सहामाहीचे पेपर. ह्यांनी रॉड दाखवून 'पाह्य, कसा झाला' विचारलं, आणि मी न बघता 'छान' म्हणाले होते.

ही गोष्ट मी त्या दिवशी कोणालाही सांगितली नाही. आज लिहितेय. त्या दिवशी मी ह्यांच्यावर तुटून पडले.

काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. फाटकं बनवता बनवता अक्कल फाटकाबाहेर राहिली, इथपासून सुरुवात होती. मग ह्यांचा बाप, ह्यांचं दुकान, लग्नात ह्यांनी घातलेला सूट. मेकॅनिकलाही सोडलं नाही. वर्षाला एकदा गिझर उघडून बघायचं असतं हे गिऱ्हाइकाला सांगायची जबाबदारी कोणाची, मागच्या बाकावर बसून हेच शिकलास का. तो 'हो मॅडम, चुकलं मॅडम' म्हणत राहिला. त्याची काय चूक होती, देव जाणे, पण मी देव मानत नाही. मधल्या खोलीचं दार आतून लागल्याचा आवाज आला. पंख्याच्या वाऱ्याने लागलं असेल असं मला वाटलं.

मेकॅनिकचं म्हणणं पडलं की नवा गिझरच घ्या. टाकीच्या आतला मुलामा दोन ठिकाणी गेलाय. हे पण लगेच तयार झाले, आजच आणतो म्हणाले. मी साफ नकार दिला. नवा गिझर आणला म्हणजे जुना खराब होता हे कबूल केलं. विहीणबाई फोनवर त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या असत्या, बरं झालं बाई, माझ्यामुळं तरी नवा आला. मला तोच गिझर हवा होता आणि त्याच गिझरातून स्वच्छ पाणी हवं होतं.

"अस्सल रॉड टाकला तं चालीन का?" मी विचारलं.

"वर्षभर तं काढीन मॅडम. पण ग्यारंटी नाही."

"ग्यारंटी तुले मागितली कोणं?"

तसला रॉड आमच्या गावात मिळाला नाही. खामगावहून मागवावा लागला. दुकानदाराने आधी चुकीच्या लांबीचा पाठवला, तो परत केला. सोमवारचा शुक्रवार झाला. हे चार दिवस मी जारचं पाणी गॅसवर तापवून लेकीला देत होते आणि पातेलं उचलता उचलता ह्यांच्या नावाने बोटं मोडत होते. ह्यांनी तोंडात मूग धरले होते. सकाळी दुकानात जायचे, जेवायला यायचे, ताटावरून उठायचे. एकदा फक्त म्हणाले, "अवं, हळू बोल, पोरगी झोपली हाय." मी म्हणाले, पोरीची एवढी काळजी होती तर तिच्या न्हाणीत स्टीलची सळई कशाला खुपसली.

लेक बहुतेक वेळ कानात इयरफोन घालून पडलेली असायची. मी विचारलं, जेवण आवडतंय ना, हो म्हणायची. पाय दाबून देऊ का, नको म्हणायची. मला वाटलं, सासू घेऊन जाईल याची तिलाही धास्ती असणार. मी तिला म्हणाले, तू काही काळजी करू नको, रविवारी गाडी आली तर रिकामी परत पाठवते. ती हसली नाही.

शुक्रवारी दुपारी रॉड आला. करडा, ओबडधोबड, हातात हलका. ह्यांच्या स्टीलच्या रॉडसमोर ठेवला तर कोणीही म्हणावं की हा नकली. मेकॅनिकने टाकी तीनदा पाणी भरून धुऊन काढली, कॉइलवरचा क्षार लाकडी पट्टीने खरवडला, जुना रबरी वायसर फेकून नवा घातला. रॉड मी स्वतः बसवला. मेकॅनिक म्हणाला, मॅडम मी लावतो ना, मी म्हणाले, या घरात कोणाच्या हातावर माझा विश्वास राहिलेला नाही. आटे बसले, मी पान्याने आवळला, त्याने अजून अर्धा फेरा आवळायला सांगितलं, तोही दिला. मग पाणी सोडलं, गरम नळातून धार यायची वाट बघितली, टाकी भरल्याची खात्री केली आणि मगच स्विच लावला. पाण्याशिवाय कॉइल चालू केली की जळते, एवढं तरी आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

वीस मिनिटांनी लाल दिवा गेला. मी पांढरी बादली खाली लावली. पहिलं पाणी थोडं गढूळ आलं, मग स्वच्छ. बादली भरली आणि मला तिचा तळ दिसला. ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवला. मेकॅनिकला चहा दिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाब्बास म्हणाले. त्याने कप अर्धा ठेवूनच चप्पल घातली.

मग मी विहीणबाईंचा तो टॉवेल घेतला. रविवारपासून टेबलावर तसाच होता, मी कोणाला उचलू दिला नव्हता. बादलीत बुडवला, पिळला, हातावर घेऊन मधल्या खोलीत गेले. जुने डाग होते, नवा एकही नव्हता.

"लाव फोन तुह्या सासूले," मी लेकीला म्हणाले. "व्हिडिओ कॉल लाव. बादली दाखव त्यायले."

ती पलंगावर बसून होती. फोन हातातच होता. तिने लावला नाही.

"आई, पाण्याचं जाऊ दे," ती म्हणाली. "त्यायले मीच म्हणलं होतं."

"काय म्हणलं होतं?"

"मले तठी, माहेरी, आठ दिवसाच्या वर ठेवू नका. काहीबी सांगा अन् परत न्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काऊन?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या ओल्या टॉवेलकडे बघत होती. "हे पाच दिवस कसे गेले, पाह्यलं ना तू. बाबाले तू काय काय बोलली. लहानपणापासून मी हेच ऐकून राह्यली. शाळेत बी तू, घरी बी तू. मले पाण्याची भीती नाही वाटत आई. तुही वाटते. लेकरू झाल्यावर मले रडू आलं, नाहीतं दूध नाही आलं, तं तू मले काय म्हणशीन, याची भीती वाटते."

"अन् हे तू त्या बाईले सांगतलं?"

"त्या कोणालेच सांगणार नाहीत. त्यायनंच म्हणलं, तू काही बोलू नको, तुझी आई तुटंल. वाईटपणा मी घेते."

मी उभीच होते. टॉवेलमधून पाणी फरशीवर ठिबकत होतं. गेल्या अडीच वर्षांत त्या बाईसाठी मी जी जी वाक्यं जमवून ठेवली होती, ती सगळी तोंडाशी आली आणि एकालाही जागा नव्हती. मला राग आला होता. लाज वाटली असती तर बरं झालं असतं, पण आला तो रागच. त्या बाईने खरोखर माझा अपमान केला असता तर मी कधीतरी विसरले असते. माझ्या लेकीने जे मला सांगायचं ते तिला सांगितलं, आणि तिने ते पोटात ठेवलं, वर माझा राग स्वतःवर ओढवून घेतला. हे मी कसं विसरू?

लेक उठली. पलंगाचा कठडा धरून, हळूहळू. "पाणी गरम आहे नं? न्हाऊन घेतो मी," ती म्हणाली, आणि माझ्या अंगाला न लागता दारातून निघून गेली. न्हाणीची कडी लागली. नळाचा आवाज सुरू झाला.

मी टॉवेल टेबलावर ठेवला आणि फोन घेतला. विहीणबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"पाणी साफ झालं," मी म्हणाले. "तरी परवा गाडी पाठवा."

त्याच मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही पोरीवर चिडला नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने निघालं की न्हाणीतला नळ बंद झाला. नंतर बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला नाही.